गोल्डन सर्कल: घरच्या माणसांसोबत, आपल्या घड्याळाने

आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला, येणाऱ्या पाहुण्यांचा मला एकच ठरलेला प्रश्न असतो: "तुमच्याकडचा तो एका दिवसाचा गोल्डन सर्कल बसने करू, की गाडी आणि गाइड घेऊन?" गोल्डन सर्कल म्हणजे थिंगवेल्लिरची खचदरी, गेसिरचे उसळणारे गरम झरे आणि गुलफॉसचा धबधबा पाहत केलेली गोल फेरी. दोघंच असाल, पाय धड असतील, पैसे वाचवायचे असतील तर खुशाल बसने जा. बस चांगली असते आणि माहितीही बरी देतात. पण सोबत वयस्कर माणसं असतील, लहान मूल असेल, जेवण शाकाहारी हवं असेल आणि एकूण चार-सहा डोकी असतील, तर खासगी गाडीच करा. तिचे पैसे बहुतेक ठिकाणी माणशी नसतात, गाडीमागे असतात, त्यामुळे सहा जणांत भागले की आकडा पाहून छातीत धस्स होत नाही.

मात्र एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी. पैसे मऊ सीटचे नसतात. कुठे किती वेळ थांबायचं, आधी कुठे जायचं आणि गाडी नेमकी कुठे उभी करायची हे ठरवायच्या हक्काचे असतात. तो हक्क वापरला नाही, तर तीच बसची सहल तिप्पट पैशांत होते. माझ्या एका मैत्रिणीची अशीच झाली: सकाळी नऊला निघाले, सगळ्या बसेसच्या मागोमाग फिरले, पाचला परत. गाइड सज्जन होता, पण त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्यामुळे खरं काम बुकिंगच्या ईमेलमध्ये असतं. मी पुढच्या गोष्टी लिहूनच विचारते. चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच माणूस आहे का? (बहुधा एकच असतो, त्यात काही वावगं नाही.) तास किती, आणि वेळ वाढला तर दर काय? पार्किंग, केरिदच्या विवराचं तिकीट, गरम पाण्याच्या तलावाचं तिकीट दरात धरलंय का? मुलासाठी त्याच्या उंचीची सीट देणार का? हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत, की दुसरा दिवस? कंपनीकडे आइसलँडच्या पर्यटन मंडळाचा परवाना आहे का? उत्तरात 'अमुक क्रमांकाच्या बस स्टॉपवर उभे राहा' असं आलं, तर ती सहल खरंच खासगी आहे का हे परत विचारा.

आता क्रम. बहुतेक बसेस सकाळी आधी थिंगवेल्लिर, मग गेसिर, मग गुलफॉस अशा जातात. उन्हाळ्यात आपण उलटं जायचं, तेही आरामात अकराला निघून. जूनमध्ये इथे रात्री अकराला पुस्तक वाचता येतं, मग सकाळी सातला म्हाताऱ्या माणसांना कशाला उठवायचं? हेत्लिसहेदीचा घाट, केरिद, टोमॅटोच्या हरितगृहात जेवण, गुलफॉस, गेसिर, लॉगारवात्नला गरम पाण्यात डुंबणं आणि रात्री नऊच्या तिरप्या उन्हात थिंगवेल्लिर. एकूण अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आमचे सासू-सासरे आणि आत्या कराडहून आले तेव्हा हाच क्रम ठेवला होता.

घाटात उजव्या-डाव्या हाताला जमिनीतून पांढरी वाफ निघताना दिसते आणि तिथेच हेत्लिसहेदीचं भूऔष्णिक वीजकेंद्र आहे, ३०३ मेगावॅटचं. तिथून वीज तर येतेच, रेक्याविकच्या घरांना गरम पाणीही नळाने येतं. हॉटेलच्या गरम नळाला सडक्या अंड्याचा वास का येतो, याचा उलगडा पाहुण्यांना इथे होतो. प्यायला थंड नळाचं पाणी घ्या, बाटल्या विकत घेऊ नका. आणि बायकांनी चांदीची जोडवी, पैंजण पोहायच्या आधी काढून ठेवावीत. गंधकयुक्त पाण्याने चांदी काळी पडते. आत्याची पडली, तिने ती कराडला जाऊन रिठ्याने घासली.

केरिद हे ज्वालामुखीचं लाल मातीचं विवर, तळाशी निळसर पाणी. काठावरून पाहिलं की पंधरा मिनिटांत होतं. गुडघे दुखत असतील तर खाली उतरू नका, फार काही हुकत नाही.

जेवणासाठी रेक्होल्ट गावातलं फ्रीदहेमार, पण टेबल आधीच राखून ठेवलेलं हवं, उन्हाळ्यात तर बरंच आधी. भूगर्भातल्या गरम पाण्यावर तापवलेलं हे काचेचं हरितगृह आहे. वेलींच्या मधोमध टेबलं मांडलेली असतात, परागीभवनासाठी आणलेल्या भुंगेमाश्या आपापल्या कामात असतात. टोमॅटोचं सूप आणि ताजा पाव, हवा तेवढा. टेबलावर तुळशीच्या जातीच्या बेसिलची कुंडी आणि कात्री असते, हवी तेवढी पानं कापून घ्यायची. सासूबाईंनी आधी त्या कुंडीला हात जोडले, मग कात्री माझ्याकडे दिली. शाकाहारी माणसाला या रस्त्यावर इतकं निर्धास्त जेवण दुसरीकडे मिळणं अवघड. तरी डब्यात दशम्या आणि चटणी असू द्या. भारतातून येताना तूप, पेढे मात्र आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला इथे मनाई आहे.

गुलफॉसला दुपारीच पोचायचं, याला कारण आहे. आपण ह्विता नदीच्या पश्चिम काठावर उभे असतो. दुपारनंतर ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. सकाळी सूर्य समोर असतो. लांगयोकुल हिमनदीचं पाणी इथे दोन टप्प्यांत कोसळतं, आधी ११ मीटर, मग २१ मीटर, आणि दुसरा टप्पा पहिल्याला तिरका असल्यामुळे नदी जमिनीत गडप झाल्यासारखी वाटते. इथे दोन वाहनतळ आहेत, एक वर आणि एक खाली, मधे जिना. गाइडला सांगा: खालच्या तळावर सोडा, तिथूनच परत घ्या. बसवाल्यांना हा पर्याय नसतो. धबधब्याला चिकटलेल्या खडकापर्यंत जाणारी वाट ओली असते, पण चढाची नाही. सासूबाईंनी साडीवर रेनकोट घातला होता आणि तरी काठ भिजले. सलवार-कमीज किंवा पँट, वरून पाणी न शिरणारी पँट आणि रेनकोट, आत लोकरीचे कपडे, असंच हवं. जीन्स भिजली की दिवसभर थंडगार राहते. छत्री घरी ठेवा, इथला वारा ती उलटी करून परत देतो.

धबधब्याची गोष्ट गाइडकडून ऐकाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वीजप्रकल्प होणार होता. शेजारच्या ब्रात्तहोल्टच्या शेतातली सिग्रिदुर तोमासदोत्तिर कोर्टकचेऱ्या करत लढली. पुढे करारच बारगळला, आणि १९७९ मध्ये धबधबा संरक्षित झाला. तिचे वकील स्वेन ब्यर्नसन १९४४ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आमचे सासरे निवृत्त वकील. इथपर्यंत ते थंडीने कुरकुरत होते, हे ऐकल्यावर सिग्रिदुरच्या स्मारकासमोर फोटो काढून घेतला आणि गाइडला विचारलं, "फी मिळाली का त्यांना?" गाइडला हसू आवरेना.

तिथून दहा किलोमीटरवर गेसिर. ज्याच्यावरून या परिसराचं नाव पडलं तो मोठा गेसिर आता क्वचितच उसळतो. पाहायचा तो शेजारचा स्ट्रोक्कुर, सहा ते दहा मिनिटांनी उसळणारा, साधारण पंधरा-वीस मीटर, कधी त्याहून बराच उंच. मोबाइल आधीपासून धरून हात दुखवून घेऊ नका. पाण्याकडे बघत राहा. आधी ते श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं, दोरीच्या आतल्या खडकावरून थोडं सांडतं, मागे ओढलं जातं. मग अचानक मधोमध निळा, काचेसारखा गुळगुळीत घुमट फुगतो, उतू जायला आलेल्या दुधासारखा. आत वाफेचे बुडबुडे दिसतात आणि त्याच क्षणी तो फुटतो. फोटोचं बटण घुमटाला दाबायचं. फवाऱ्यासाठी थांबलात तर नुसती वाफ मिळते. नळीतलं खोलवरचं पाणी शंभर अंशांच्याही वर गेलेलं असतं, पण वरच्या पाण्याच्या दाबाखाली उकळू शकत नाही. वरचं थोडं हललं, दाब कमी झाला की सगळ्याची एकदम वाफ होते. एक उसळी पाहून निघू नका, तीन-चार पाहा. प्रत्येक वेगळी असते, आणि मध्येच एखादी दुहेरी येते. यासाठीच तर गाडी आपली आहे.

उभं राहायचं वारा ज्या बाजूने येतो तिकडे. दुसऱ्या बाजूचे लोक दर खेपेला भिजतात. दुसरी सूचना आपल्या लोकांसाठी खास. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे इथली कुंडं आपल्याला आंघोळीची म्हणून माहीत, त्यामुळे पाणी दिसलं की हात आपोआप पुढे जातो. इथे वाटेच्या कडेने वाहणारा छोटासा ओहोळसुद्धा ऐंशी ते शंभर अंशांचा असतो. मुलाचा हात सोडायचा नाही, दोरी ओलांडायची नाही, शेवाळावर पाय ठेवायचा नाही (ते परत वाढायला अनेक वर्षं जातात), आणि कुंडात नाणी तर मुळीच टाकायची नाहीत.

लॉगारवात्नच्या तळ्याकाठी गरम पाण्याचे तलाव आणि थेट झऱ्यावर बांधलेल्या वाफेच्या खोल्या आहेत. तिथेच काळ्या वाळूत पुरून चोवीस तास भाजलेली राय नावाच्या धान्याची पावभाकरी उकरून दाखवतात, लोणी लावून खायला देतात, चवीला गोडसर. पण ते ठरावीक वेळांनाच असतं. हे आणि फ्रीदहेमारचं जेवण दोन्ही एकाच दिवसात कोंबू नका, एक निवडा. तलावात उतरण्यापूर्वी कपडे पूर्ण काढून साबणाने अंघोळ करायची असते, हा इथला कडक नियम आहे आणि सगळे पाळतात. आपल्या बायकांना याची आधी कल्पना द्या, ऐनवेळी नको. पडद्याची किंवा दाराची खोली बहुधा मिळते. गाइडकडून आधी फोन करून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यायचं, पाणी प्यायचं, आणि डॉक्टरला निघण्यापूर्वीच विचारून ठेवायचं.

शेवटी थिंगवेल्लिर. इथेही दोन वाहनतळांचीच युक्ती. गाइडने वरच्या कठड्यावर उभं राहून सगळं सांगावं, मग आपण आल्मन्नाग्याउ या भेगेतून खाली उतरत जावं आणि त्याने गाडी फिरवून खालच्या तळावर आणावी. चढ चढायची वेळच येत नाही. भेगेच्या भिंती काळ्या बसाल्टच्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच खडक, फक्त वयाने अगदी कोवळा. सासऱ्यांनी भिंतीवर हात फिरवून "हा तर आपला काळा कातळ" असं जाहीर केलं, ते बरोबरच होतं. 'एक पाय अमेरिकेत, एक युरोपात' असा फोटो कुणी काढायला सांगितलं तर काढा हौसेने, पण अमेरिका आणि युरोप ज्यांच्यावर आहेत त्या दोन भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या) मधली ही खचदरी काही किलोमीटर रुंद आहे. पट्ट वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर दूर सरकतात.

इसवी सन ९३० मध्ये इथे आल्थिंग ही लोकसभा भरू लागली. कायदा सांगणारा माणूस लोगबर्ग नावाच्या खडकावरून तो तोंडपाठ म्हणत असे. १७ जून १९४४ ला प्रजासत्ताकाची घोषणाही इथेच झाली. सासरे त्या खडकापासून हलेनात. खाली ओक्सारा नदीचा एक डोह आहे, जिथे सोळाव्या शतकातल्या कडक कायद्यांखाली बायकांना बुडवून मारत. सासूबाईंनी विचारलं, "आणि पुरुषांना?" गाइड म्हणाला, "त्यांचं डोकं उडवत." त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे."

हिवाळ्यात मात्र हा क्रम विसरा. डिसेंबरात उजेड चार-पाच तासांचाच, अकरा वाजून गेल्यावर उजाडतं, त्यामुळे अंधारात निघून गुलफॉस आणि गेसिर उजेडात बसवायचे आणि तलाव अंधारात. गुलफॉसची खालची वाट बर्फ झाला की बंद करतात. बुटांना लावायचे काटे गाइडकडे आहेत का ते विचारा. हवामान खात्याचा पिवळा इशारा असला की निर्णय गाइडचा. नारिंगी असला तर विषयच संपला. "एवढ्या लांबून आलोय" हे वाक्य त्याच्यासमोर बोलू नका. म्हणून ही सहल मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नये, पुढे एक-दोन दिवस हाताशी असावेत.

गाडीचं दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरा आणि एका वेळी एकच दार उघडा. वाऱ्याने दार बिजागरीसकट वाकतं, हे इथे नेहमीचं आहे. टिपची इथे अपेक्षा नसते. आम्ही गाइडला घरची बाकरवडी दिली, त्याने ती गाडीतच संपवली. सहलीचे उरलेले पैसे कार्डाने भरले तरी चालतात, रोख क्रोना काढून ठेवायची गरज नाही.