फसलेले विनोदी चित्रपट गावाच्या अंगणात कसे दाखवावेत

हाताशी पैसा नसताना काढलेले, कथा मध्येच तुटलेली, अभिनय भडक आणि भिंती हात लागताच हलणाऱ्या, असे असूनही मोजक्या लोकांनी वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा पाहिलेले विनोदी चित्रपट जगात सगळीकडे आहेत. असा छोटा पण निष्ठावान प्रेक्षक लाभलेल्या चित्रपटाला 'कल्ट' म्हणतात, आणि त्यातला जो उघड, रंगवून केलेला खोटेपणा प्रेक्षक आनंदाने स्वीकारतो त्याला 'कॅम्प' म्हणतात. मराठीत याला सर्वात जवळचा शब्द 'नाटकी' हा आहे. इतरत्र तो तक्रारीचा शब्द असला, तरी आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या भागांत, रात्रभर चालणारी नाटके पाहत वाढलेल्या माणसाला नाटकीपणाची भीती वाटत नाही. म्हणूनच हे चित्रपट गावात दाखवता येतात असे माझे मत आहे. वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात काही वर्षे ते दाखवून जे हाती लागले, ते येथे लिहितो.

एक गोष्ट आधीच मान्य केलेली बरी. या चित्रपटांचे आकर्षण निर्भेळ नसते. दीड तासाच्या चित्रपटात खरोखर जीव लावावा अशी दहा-पंधरा मिनिटे मिळतात, आणि उरलेल्या वेळात कंटाळा, गोंधळ आणि कधीकधी किळसही वाट्याला येते. 'इतका वाईट की चांगला' असे ऐकून जो एकटाच मोबाईलवर असा चित्रपट लावून बसतो, तो बहुधा वीस मिनिटांत बंद करतो, आणि त्यात त्याची चूक नाही. हे चित्रपट सोबतीने पाहायचे असतात. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा १९७५ सालचा संगीतमय विनोदी चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा चालला नाही. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात तो मध्यरात्री दाखवला जाऊ लागला आणि प्रेक्षक पडद्यावरच्या पात्रांना ओरडून उत्तरे देऊ लागले, तेव्हा त्याला जन्मभराचे चाहते मिळाले. चित्रपट तोच होता, फक्त पाहण्याची रीत बदलली होती. ज्यांनी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री खडी गंमत हे लोकनाट्य पाहिले आहे, त्यांना ही रीत वेगळी शिकवावी लागत नाही.

चित्रपटाची निवड हा सर्वात अवघड भाग आहे, आणि माझी पहिली चूक तेथेच झाली. सुझन सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेने १९६४ मध्ये कॅम्पवर ५८ टिपणांचा एक निबंध लिहिला. त्यात तिने दोन प्रकार वेगळे केले आहेत. एका प्रकारात करणाऱ्याला आपण हास्यास्पद होत आहोत याची जाणीवच नसते, तो जीव ओतून गंभीरपणे काम करतो आणि फसतो. दुसऱ्या प्रकारात तो जाणूनबुजून हास्यास्पद होतो. तिचा कौल पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे. हा भेद मला पुस्तकी वाटला होता. पहिल्या वर्षी मी मुद्दाम वाईट काढलेला एक परदेशी चित्रपट लावला, कारण विनोदी म्हणून तो सोपा जाईल असा माझा अंदाज होता. अर्ध्या तासात निम्मे अंगण रिकामे झाले. उठता उठता शेजारचे एक वयस्क काका म्हणाले, "यायले काई येत नाई हे आपल्याले मालूम हाये, अन् यायलेबी मालूम हाये, मंग पाहाचं काहून?" याहून नेमके परीक्षण मी आजवर वाचलेले नाही. न जमण्याचे सोंग करणाऱ्याचे कौतुक पाच मिनिटे टिकते. न जमणारी गोष्ट मनापासून करू पाहणाऱ्याकडे मात्र माणूस शेवटपर्यंत पाहत राहतो, कारण पुढच्या क्षणी तो काय करील याची उत्सुकता संपत नाही.

म्हणून निवड करताना 'हा चित्रपट किती वाईट आहे' असे विचारू नये. 'काढणाऱ्याला काय करायचे होते, आणि पैसे नसताना त्याने त्यावर कोणता उपाय काढला' असे विचारावे. या कसोटीवर मला सर्वात खरे उतरलेले उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात, यंत्रमागांच्या त्या गावात, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासीर यांनी २००० साली 'शोले'ची स्थानिक विनोदी नक्कल काढली. घोडे परवडणारे नव्हते म्हणून डाकूंना सायकली दिल्या. पुढे त्यांनी सुपरमॅन करायला घेतला तेव्हा नायक झाला एक किडकिडीत यंत्रमाग कामगार, आणि कॅमेरा वर उचलण्यासाठी क्रेनऐवजी बैलगाडी वापरली गेली. ही सगळी धडपड फैझा अहमद खान यांच्या २००८ सालच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात पाहायला मिळते. गावात सुरुवात याच माहितीपटाने करावी, असा माझा आग्रह आहे. बैलगाडीची क्रेन पाहून आमच्या अंगणात जो हशा झाला, त्यात टिंगल अजिबात नव्हती. बैलगाडीचा तसा उपयोग आपल्याला का सुचला नाही, याचे नवल त्यात होते.

दुसऱ्या वेळी रॉजर कॉर्मन यांचा १९६० सालचा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' लावता येईल. फुलांच्या एका गरीब दुकानातल्या नोकराने वाढवलेले झाड माणसे खाऊ लागते, एवढीच त्याची कथा आहे. दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेला देखावा मोडण्याआधी वापरून घ्यावा, म्हणून त्याचे मुख्य चित्रीकरण दोन दिवस आणि एका रात्रीत उरकले गेले, आणि खर्च सुमारे ३०,००० डॉलर आला. घाईची ही खूण प्रत्येक दृश्यात दिसते, आणि विनोदाला तिचाच वेग मिळतो. पुढे मोठा नट झालेला जॅक निकल्सन यात दंतवैद्याकडे आनंदाने दात काढून घेणाऱ्या रोग्याच्या भूमिकेत आहे. ते दृश्य भाषा न कळताही हसवते, आणि चित्रपट सव्वा तासाच्या आत संपतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

विनोदी नसूनही विनोदी ठरलेला 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' हा एड वुड यांचा चित्रपट मात्र तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत राखून ठेवावा. त्यातला प्रसिद्ध नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला. त्याचे थोडेसेच चित्रीकरण झालेले होते, म्हणून त्याच्या जागी त्याच्याहून उंच असलेला दुसराच माणूस उभा केला गेला आणि तो चेहऱ्यासमोर झगा धरून वावरत राहिला. थडगी हलतात, एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटून पालटून येतात. हे सगळे प्रेक्षकांना आधी सांगून ठेवले तर लोक शोधायला बसतात आणि चित्रपटात रमतात. न सांगता लावला तर लांबलचक संभाषणांनी झोप येते. याउलट १९७८ सालचा 'अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज' हा मुद्दाम वेडगळ काढलेला चित्रपट मी पूर्ण दाखवत नाही. चित्रीकरणाच्या वेळी एक हेलिकॉप्टर खरोखर कोसळले, त्यातली माणसे वाचली, आणि तो अपघात तसाच चित्रपटात ठेवला गेला. तेवढा भाग दाखवण्यासारखा आहे, बाकीच्या भागाला काकांचे वाक्य लागू पडते.

ज्या घरात या प्रकाराची अजिबात ओळख नाही, तेथे कुंदन शाह यांचा १९८३ सालचा 'जाने भी दो यारो' ही चांगली पायरी आहे. तो फसलेला चित्रपट नव्हे, उत्तम चित्रपट आहे. पण राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत तो उभा राहिला आणि त्याचा खरा प्रेक्षक त्याला हळूहळू, पुढच्या वर्षांत मिळाला. त्यातला महाभारताच्या नाटकाचा प्रसंग झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही, कारण भर प्रयोगात रंगमंचावर नको तो माणूस घुसला म्हणजे काय होते, हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते.

निवडलेला चित्रपट आदल्या आठवड्यात स्वतः पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाहावा. या प्रकारातल्या अनेक चित्रपटांत अश्लीलता आणि जनावरांचे हाल आहेत, आणि बाईची, जाडेपणाची, अपंगत्वाची किंवा बायकी वागणाऱ्या पुरुषाची क्रूर थट्टा आहे. 'जुना आहे, कल्ट आहे' म्हणून ती खपवून घेऊ नये. अंगणात ज्याची थट्टा होत आहे असा एखादा माणूस बसलेला असतोच, आणि तो हसत नाही हे आपल्याला अंधारात दिसत नाही. असे दृश्य एखादेच असेल तर त्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि तेवढे पुढे सरकवावे. जास्त असतील तर चित्रपटच सोडून द्यावा.

मुहूर्त म्हणून कोजागिरीसारखी रात्र नाही. लोक जागणारच असतात, भुलाबाई या मुलींच्या खेळाची गाणी आटोपून त्या खाऊ ओळखण्याच्या गडबडीत असतात, धान शेतात उभा असतो आणि नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होणार असतो, त्यामुळे करमणुकीची भूक असते. पौर्णिमेच्या चांदण्याचा पडद्याला फारसा त्रास होत नाही, त्रास होतो तो रस्त्यावरच्या दिव्याचा. म्हणून पडदा दिव्याकडे पाठ करून न लावता अशा भिंतीवर लावावा, जिच्यावर घराची सावली पडते. घडी न पडलेली जाड पांढरी चादर वरून दोरीने आणि खालून विटांनी ताणून बांधली की पुरेशी होते. ऑक्टोबरात दव पडते, त्यामुळे प्रोजेक्टर छपरीत ठेवावा, आणि त्याच्या उजेडावर किडे येतात म्हणून मागच्या बाजूला लांबवर एक बल्ब लावून ठेवावा. चित्रपट पेन ड्राइव्हवर आधीच उतरवलेला असावा. नेटवर्कच्या भरवशावर पन्नास माणसे बसवू नयेत. वीज जाणे गृहीत धरून इन्व्हर्टर भरून ठेवावा. आवाजावर मात्र सर्वात जास्त लक्ष द्यावे, कारण अंधूक चित्र लोक चालवून घेतात, पण न कळणारा आवाज कोणी चालवून घेत नाही, आणि या चित्रपटांचा मूळ आवाजच बहुधा खराब असतो. भजनी मंडळाचा स्पीकर मिळाला तर तो पडद्यापाशी ठेवावा, प्रेक्षकांच्या मागे नव्हे.

परदेशी चित्रपटासाठी निवेदक लागतो. इंग्रजी अक्षरे वाचून भाषांतर करत बसण्यापेक्षा चित्रपट दोनदा पाहिलेल्या, आवाज मोठा असलेल्या एका माणसाने गावाच्या बोलीत प्रसंग सांगत जावे. त्याने प्रत्येक वाक्य सांगू नये. कोण कोणाचा कोण आहे आणि आता कोणाला काय हवे आहे, एवढेच सांगून गप्प बसावे, आणि विनोदाच्या आधी कधीही बोलू नये. आमच्याकडे हे काम नाटकात विनोदी भूमिका करणारा एक पोट्टा करतो. त्याच्या तयारीसाठी मी त्याला कथेचे एक पानभर टाचण देतो, कारण ऐनवेळी सुचलेल्या शेरेबाजीत चित्रपट बुडून जातो आणि लोक पडद्याऐवजी त्यालाच पाहू लागतात.

सुरुवातीला दोन मिनिटे उभे राहून हा चित्रपट कोणी, किती दिवसांत, किती पैशांत काढला हे सांगावे. याचा परिणाम मी प्रत्येक वेळी पाहिला आहे. खर्च कळला की लोक हलणाऱ्या भिंतीला हसतात, पण भिंत उभी करणाऱ्याला हसत नाहीत. नाटकाच्या पडद्यामागे ज्यांनी रात्री काढल्या आहेत ते तर सुतारकामाची चर्चा सुरू करतात. प्रेक्षकांना बोलू द्यावे, पात्रांना सल्ले देऊ द्यावेत. कंटाळवाणा भाग आला आणि अंगणात कुजबूज वाढली, तर निःसंकोचपणे दहा मिनिटे पुढे जावे आणि मधले काय घडले ते निवेदकाने एका वाक्यात सांगावे. श्रेष्ठ चित्रपटाला असे कापणे मला सहन होणार नाही. पण या चित्रपटांना ते मानवते. दूध चित्रपट संपल्यावर वाटावे, आधी वाटल्यास मुले पिऊन झोपतात.

हक्कांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, म्हणून १९६० सालच्या चित्रपटाचा हक्क येथे संपलेला आहे. नव्या चित्रपटांसाठी घरच्या माणसांपुरते पाहणे वेगळे आणि मंडळाने फलक लावून दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हक्कधारकाची परवानगी आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी लागतात. वर्गणी किंवा तिकीट घेऊ नये.

चित्रपट कसा झाला हे त्याच रात्री विचारू नये, कारण यजमानाला लोक 'छान झाला' असेच म्हणतात. आठ दिवसांनी, सोयाबीनच्या मळणीवर किंवा धानाच्या बांधीवर कोणत्या दृश्याचा विषय निघतो ते ऐकावे आणि वहीत लिहून ठेवावे. माझ्या वहीत 'लिटल शॉप'समोर दंतवैद्य आणि बोलणारे झाड एवढेच लिहिलेले आहे, मालेगावसमोर मात्र पाऊण पान भरले आहे. पुढच्या वर्षी नवा चित्रपट लावण्याआधी जुन्यातली तेवढीच दहा मिनिटे लावतो. बाकीचा चित्रपट पुन्हा लावा असे अजून कोणी म्हटलेले नाही, आणि मीही तो लावत नाही.