सिफ्नोसला शनिवारीच पोहोचा

सिफ्नोस हे ग्रीसच्या पश्चिम सायक्लेडीस बेटांमधलं जेमतेम ७४ चौरस किलोमीटरचं बेट. विमानतळ नाही, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. ग्रीक लोक इथे मुख्यतः जेवायला येतात, आणि इथलं सगळ्यात चांगलं जेवण आठवड्यातून एकदाच, रविवारी दुपारी मिळतं. त्यामुळे बोटीचं तिकीट काढताना आधी वार बघा. शनिवारी दुपारपर्यंत पोहोचलात तर पुढचं सगळं आपोआप जमून येतं. सोमवारी येऊन शनिवारी परतलात तर समुद्र, देवळं, पायवाटा सगळं बघाल, पण मुख्य ताट चुकेल.

पोहोचायचं कसं

अथेन्सच्या विमानतळावरून पिरेयस बंदरापर्यंत मेट्रोची ३ नंबरची लाइन थेट जाते. साधारण तासभर लागतो. रात्री-अपरात्री उतरलात तर एक्स-९६ ही बस चोवीस तास असते. पिरेयस अवाढव्य आहे आणि बोटी वेगवेगळ्या फाटकांवरून सुटतात, म्हणून तिकिटावरचा फाटक क्रमांक आदल्या दिवशी पुन्हा तपासा आणि बंदरात किमान ४५ मिनिटं हाताशी ठेवा.

कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची वेगवान बोट, अडीच-तीन तासांत पोहोचवते, मोठी बोट किथ्नोस, सेरिफोस ही बेटं करत पाचेक तास घेते. मोठी बोट स्वस्त, डेकवर बसता येतं आणि वाऱ्याला जास्त दाद देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा, जोरदार वारा सुटतो. त्यात आधी कॅटामरान रद्द होतात. पोटात ढवळणाऱ्यांनीही मोठीच बोट धरावी.

बोट कामारेसला लागते. तिथून वर अपोलोनिया हे मुख्य गाव पाचेक किलोमीटरवर. बोटीच्या वेळेला बस उभी असते, पण सामान ठेवून लगेच रांगेत लागा. बस भरली की पुढची येईपर्यंत चहा-कॉफीवर वेळ काढावा लागतो, आणि टॅक्सी मोजक्याच आहेत. मुक्काम अपोलोनिया किंवा आर्तेमोनासमध्ये करा: सगळ्या बस तिथून सुटतात आणि पायवाटाही तिथूनच फुटतात. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र कामारेस किंवा प्लातिस यालोस बरं; दोन्हीकडे वाळू आहे आणि पाणी उथळ आहे.

स्कूटर भाड्याने घ्यायची तर भारतीय लायसन्ससोबत आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट हवं, आणि मूळ लायसन्सवर दुचाकीची नोंद हवी. फक्त चारचाकीचं लायसन्स दाखवून स्कूटर मिळालीच, तरी अपघात झाल्यावर विमा हात वर करतो. मेल्तेमीच्या दिवसांत बेटाच्या उत्तर टोकावरच्या हेरोनिसोसच्या वाटेवर वारा स्कूटरला आडवा ढकलतो. अशा दिवशी बसने जा.

रविवारचे छोले

रेविथादा म्हणजे काबुली चणे, कांदा, तमालपत्र, ऑलिव्ह तेल, पाणी. बस. मसाला नाही, टोमॅटो नाही. शनिवारी संध्याकाळी हे सगळं स्केपास्तारिया नावाच्या झाकणाच्या मडक्यात भरून लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी सकाळी चर्च सुटल्यावर काढतात. रात्रभर भट्टी हळूहळू थंड होत जाते, त्यामुळे चणा फुटत नाही पण जिभेवर ठेवला की विरघळतो, आणि रस्सा दाट, किंचित धुरकट होतो. पूर्वी यासाठी टाक्यांत साठवलेलं पावसाचं पाणी वापरायचे. त्याला कारण आहे: जड पाण्यातलं कॅल्शियम चण्याच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट करतं आणि चणा कितीही शिजवला तरी दडदडीत राहतो. बोअरच्या पाण्यावर डाळ न शिजण्याचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मिळवायचा कसा: शनिवारी संध्याकाळी तावेर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत, जाऊन किंवा फोन करून रविवारच्या रेविथाद्याचे दोन ताट बाजूला ठेवायला सांगा. न सांगता दुपारी दोननंतर गेलात तर मडकं बहुधा रिकामं. आला की आधी लिंबू पिळा, मग चव बघून मीठ. सोबत पाव, ऑलिव्ह, कच्चा कांदा. इतर वारी मेन्यूवर दिसला तर तो बहुतेक गॅसवर केलेला असतो. वाईट नसतो, पण त्यासाठी बेटावर येण्याची गरज नाही.

घरी करून बघायचा तर: अर्धा किलो चणे बारा तास भिजवा, पाणी फेका. तीन मोठे कांदे जाड चिरून, तीन तमालपत्रं, साधारण १२५ मिली ऑलिव्ह तेल, आणि चण्यांच्या वर चार बोटं येईल इतकं आरओचं पाणी. झाकणाच्या कडेला कणीक लावून बंद करा, १५० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा तास. मीठ शेवटी. मातीचं भांडं असेल तर थंड ओव्हनमध्येच ठेवा आणि मग चालू करा. गरम ओव्हनमध्ये थंड मडकं सरकवलं की तडा जातो.

बाकीचं खाणं, आणि शाकाहाऱ्यांचं काय

मांस खाणाऱ्यांनी मास्तेलो चुकवू नये. कोकराचं किंवा बकरीचं मांस, रेड वाइन आणि भरपूर शेपू. मडक्याच्या तळाशी द्राक्षवेलीच्या काड्या आडव्या-उभ्या रचून त्यावर मांस ठेवतात, म्हणजे ते रसात उकडत नाही, वाफेवर शिजतं. हा मूळचा ईस्टरचा पदार्थ, पण उन्हाळ्यात बऱ्याच तावेर्नांत मिळतो.

शाकाहाऱ्यांची सोय इथे अथेन्सपेक्षा बरी आहे. रेविथोकेफ्तेदेस म्हणजे भिजवलेले चणे वाटून, कांदा आणि पाला घालून तळलेले वडे. आपल्या डाळवड्याचे चुलतभाऊ. कापारोसलाता ही केपर या झुडपाच्या कळ्यांची चटणीवजा भाजी: वाळवलेल्या कळ्यांचा कडवटपणा जाईपर्यंत त्या पाणी बदलून उकळतात, मग भरपूर कांदा, तेल आणि व्हिनेगर घालून शिजवतात. पहिला घास तिखट-आंबट लागतो, पण पावाबरोबर बशी कधी संपते कळत नाही. शिवाय फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा), होर्ता (उकडलेली रानभाजी, लिंबू-तेल) आणि ‘लादेरा’ या मथळ्याखालच्या तेलात शिजवलेल्या भाज्या.

घोळ कुठे होतो ते सांगून ठेवतो. ‘नीस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण ऑक्टोपस आणि माकूळ चालतो, कारण त्यांना रक्त नसतं असं तिथे धरतात. म्हणून नुसतं नीस्तीसिमो म्हणून भागत नाही. ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी’, म्हणजे मांस नको, मासा नको, असं दोन्ही सांगा. भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांत, म्हणजे गेमिस्तात, खिमा असू शकतो. बिनखिम्याच्या गेमिस्ताला ‘ओर्फाना’, पोरकी, म्हणतात, तोच शब्द वापरा. द्राक्षपानांच्या दोल्मादेसमध्ये ‘यालांजी’ म्हणाल तर बिनमांसाचे येतील. वडे ज्या तेलात तळतात त्याच तेलात माकूळही तळला जातो. कडक पाळणाऱ्यांनी वडे सोडावेत. मानूरा हे इथलं चीज वाइनच्या गाळात मुरवतात, त्यामुळे बाहेरून काळपट दिसतं. ते खराब झालेलं नाही. पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवायला प्राण्याच्या जठरातलं रेनेट असतं, हेही लक्षात असू द्या. जैन जेवणाची अपेक्षा धरू नका: कांद्याशिवाय इथे चूल पेटत नाही.

मुसाका, म्हणजे वांगी आणि खिम्याचे थर लावून भाजलेला पदार्थ, मागवताना एक गंमत. त्यावरचा पांढऱ्या बेशामेल सॉसचा थर रूढ केला निकोलाओस त्सेलेमेन्तेस या शेफने, आणि त्याचं घराणं सिफ्नोसच्या एक्झाम्बेला गावचं. बेटावरचे जुने लोक मात्र मडक्याच्याच बाजूचे. त्याच्या नावाने आर्तेमोनासमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला सायक्लेडीस बेटांचा खाद्यमहोत्सव भरतो. त्या सुमारास जाणार असाल तर राहण्याची जागा बरीच आधी धरा.

गोडासाठी आर्तेमोनासला जा. बदामाची आमिग्दालोता, आणि मिझिथ्रा चीज व थाइमच्या मधाची मेलोपिता. मेलोपिता फ्रीजमधली घेऊ नका, त्या दिवशीची मागा.

पिणं

घरची वाइन किलोवर मिळते: ‘मिसो किलो’ म्हणजे अर्धा लिटर, ‘तेतार्तो’ म्हणजे पाव. दोघांना मिसो किलो पुरते. ऊझो या ग्रीक दारूत आधी पाणी, मग बर्फ. थेट बर्फ टाकला तर बडीशेपेसारख्या वासाचं त्यातलं तेल गोठून वर पापुद्रा धरतं. उपाशी पोटी पिऊ नका, ग्रीकही पीत नाहीत. सोबत छोटी बशी असतेच.

कॉफी मागवताना साखर तेव्हाच सांगा, नंतर ढवळता येत नाही: स्केतो बिनसाखरेची, मेत्रियो मध्यम, ग्लिको गोड. तळाशी गाळ राहतो, शेवटचा घोट सोडा. उन्हाळ्यात सगळे थंड फ्रेदो पितात. पिण्याचं पाणी बाटलीचं घ्या.

मासा बहुतेक ठिकाणी किलोवर असतो. आत जाऊन मासा निवडा, तुमच्यासमोर वजन करून किंमत विचारा, मग बसा. बिलाचं भांडण याच ठिकाणी होतं. पावाचे पैसे वेगळे लागणं नेहमीचं आहे. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. सातला गेलात तर टेबल मिळेल, पण स्वयंपाकघर पुरतं जागं झालेलं नसेल. मधल्या वेळात, साधारण अडीच ते साडेपाच, गावातली दुकानं बंद.

काय बघायचं

कास्त्रो हे जुनं तटबंदीचं गाव सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. १८३६ पर्यंत हीच बेटाची राजधानी होती. बाहेरच्या घरांच्या सलग मागच्या भिंती हीच तटबंदी, आणि ‘लोजिया’ नावाच्या बोगद्यासारख्या वाटांमधून आत जायचं. गल्ल्यांत रोमन काळातल्या दगडी शवपेट्या अशाच पडलेल्या दिसतात. गावाखाली खडकावर सात हुतात्म्यांचं इवलंसं पांढरं देऊळ आहे. पायऱ्या उतरून जाता येतं, खडकावरून पोहताही येतं, पण वारा असेल तर पाण्यात उतरू नका, लाट खडकावर आपटते. अपोलोनियाहून कास्त्रोला पायवाटेने पाऊण तास, सगळा उतार. परतताना बस घ्या. छोटी सरकारी संग्रहालयं बहुधा मंगळवारी बंद असतात.

या एवढ्याशा बेटाने इ. स. पूर्व ५२५ च्या सुमारास डेल्फी या ग्रीसमधल्या तीर्थक्षेत्री संगमरवरी कोषागार बांधलं, ते इथल्या सोन्या-चांदीच्या खाणींच्या जोरावर. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की सामोस बेटाच्या लोकांनी येऊन सिफ्नोसवाल्यांकडून शंभर टॅलंट (तेव्हाचं पैशाचं मोठं माप) उकळले. खाणींचे अवशेष ईशान्येला आयोस सोस्तिसपाशी आहेत, काही भाग आता पाण्याखाली. मुद्दाम जाऊन बघण्यासारखं तिथे फार नाही.

फारोस गावाहून ख्रिसोपिगीच्या मठापर्यंत समुद्राकडेने पायवाट आहे, सावकाश चाललं तरी अर्धा तास. मठ एका खडकावर उभा आहे. खडक जमिनीपासून फाटलेला, मध्ये चिंचोळी भेग आणि वर छोटा पूल. शेजारी आपोकोफ्तोची वाळू आणि तावेर्ना, म्हणजे पोहणं आणि जेवण एकाच फेरीत उरकतं. ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशी इथली जत्रा: २०२७ मध्ये तो दिवस १० जूनला येतो, आणि मोठा सोहळा आदल्या संध्याकाळी. लांब टेबलांवर पंगत बसते, छोले आणि मांस वाढलं जातं, परक्यालाही बसवतात. पैसे मागत नाहीत. देवळात मेणबत्ती लावून पेटीत काहीतरी टाका, आणि जेवून झालं की उठा, मागे दुसरी पंगत उभी असते.

प्रोफितिस इलियास हे सर्वांत उंच शिखर, साधारण ६८० मीटर. कातावाती गावापासून दोन तास चढ, वाटेत सावली नाही, पाणीही नाही. माणशी दीड लिटर न्या आणि उन्हाळ्यात सात वाजता निघा.

मडकं विकत घ्यायचं तर वाथीच्या किनाऱ्यावरच्या कुंभारांकडे. घेण्याआधी विचारा की ते भट्टीत चालतं की फक्त शोभेचं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

परतीच्या विमानाच्या निदान एक दिवस आधी बेट सोडा. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर बोटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, मुंबईच्या विमानाचे मिळत नाहीत.