'आय यूज टू गो डेली डेली': रोजच्या सवयी इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी, तिन्ही सांभाळतात. तरी मुलाखतीत कुणी दिनक्रम विचारला की हमखास येतं: 'आय यूज टू गेट अप ॲट सिक्स.' सांगायचं असतं, मी सहाला उठतो. ऐकणारा समजतो, पूर्वी उठायचा, आता लोळतो.

'यूज्ड टू' फक्त सुटलेल्या सवयीला, म्हणजे आपल्या 'उठायचो'ला. चालू सवयीला साधा वर्तमानकाळ पुरतो: 'आय गेट अप ॲट सिक्स.' फार तर 'युज्वली' घाला. घोळ कानामुळे होतो. बोलताना 'यूज्ड टू'मधला 'ड' ऐकूच येत नाही.

'आजी रात्री गोष्टी सांगायची' याला 'यूज्ड टू टेल' चालतं, 'वुड टेल'ही चालतं. पण स्थिती सांगताना 'वुड' नको. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं: 'बेलगाम यूज्ड टू बी इन बॉम्बे स्टेट.' तिथे 'वुड बी' म्हटलंत तर 'असतं' असा अर्थ निघेल, आणि सीमाभागात तेवढ्यावरून दुसराच वाद पेटेल! किती वेळा ते मोजून सांगायचं असेल तर दोन्ही सोडा. गोव्याला तीनदा गेलो म्हणजे सरळ 'आय वेंट टू गोवा थ्री टाइम्स'.

'आय ॲम यूज्ड टू' हे प्रकरणच निराळं. त्याचा अर्थ अंगवळणी पडलंय, आणि पुढे क्रियापदाला 'इंग' लागतं: 'आय ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली.'

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते 'आय ॲम गोइंग टू जिम डेली'. आपण 'जात असतो' म्हणतो, तेच तिकडे सरकतं. 'काय करूलालास?', म्हणजे आत्ता काय करतोयस, याचं उत्तर 'इंग'नं द्या. रोजच्या कामाला 'आय गो टू द जिम एव्हरी डे'. 'डेली डेली' तर नकोच, एकदा म्हटलेलं पुरतं. नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर 'एव्हरी अदर डे'.

एक सवलत आहे. वैताग दाखवायचा असेल तर 'ऑलवेज'सोबत 'इंग' चालतं: 'ही इज ऑलवेज पार्किंग इन फ्रंट ऑफ अवर गेट.' शेजाऱ्याबद्दल खुशाल म्हणा, साहेबांबद्दल जरा जपून.