काबूल-इस्लामाबादची बातमी कशी वाचावी

पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यातील तणावाची बातमी वाचताना प्रथम त्यातील सीमेचा उल्लेख तपासावा. १८९३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान आणि अमीर अब्दुर रहमान यांच्यात ठरलेली, सुमारे २,६०० किलोमीटर लांबीची ड्युरंड रेषा पाकिस्तान आंतरराष्ट्रीय सीमा मानतो, तर पश्तून वस्ती दुभंगणारी ही रेषा मान्य करण्यास काबूलमधील सरकारे, आजच्या तालिबानसह, सातत्याने नकार देत आली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोहा येथे युद्धविराम झाला, तेव्हा कतारच्या निवेदनातील ‘सीमा’ हा शब्द अफगाण आक्षेपानंतर वगळावा लागला. असा एखादा गाळलेला शब्द भल्यामोठ्या भाषणापेक्षा अधिक सांगून जातो.

त्यानंतर तोरखम आणि चमन ही दोन नाकी उघडी आहेत की बंद, हे पाहावे. अफगाणिस्तानला समुद्रकिनारा नसल्यामुळे नाके बंद करणे हे पाकिस्तानच्या हातातील सर्वांत सोपे हत्यार आहे, आणि त्याची धार नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९६१ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले, ते नेमके फळांच्या हंगामात. माल अडकला, तेव्हा सोव्हिएत संघाने तो विकत घेऊन विमानाने नेला आणि उरलेला बराचसा माल एरियाना या अफगाण कंपनीच्या विमानांनी भारतात आला. संबंध १९६३ मध्ये इराणच्या मध्यस्थीने पूर्ववत झाले; पण कोंडी केल्यास शेजारी दुसऱ्याच्या दाराशी जातो, हा अनुभव इस्लामाबादने फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

‘मान्यता’ आणि ‘राजदूत’ या शब्दांत गल्लत करू नये. तालिबानच्या पहिल्या राजवटीला मान्यता देणाऱ्या तीन देशांत पाकिस्तान होता. २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यानंतर मात्र त्याने औपचारिक मान्यता दिली नाही, तरीही मे २०२५ मध्ये काबूलमधील आपल्या प्रभारी प्रतिनिधीला राजदूताचा दर्जा देण्याचे जाहीर केले. पाच महिन्यांतच दोन्हीकडून गोळीबार सुरू झाला, म्हणजे दर्जा वाढला की स्नेह वाढला असे समजणे भाबडेपणाचे ठरते.

‘टीटीपी’ म्हणजे २००७ मध्ये स्थापन झालेली, पाकिस्तानी सरकारविरुद्ध लढणारी तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान. ही संघटना काबूलमधील तालिबानहून वेगळी आहे, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे वाचू नये, कारण तिला अफगाण भूमीवर आश्रय मिळतो हा पाकिस्तानचा मुख्य आरोप आहे आणि काबूल तो फेटाळते. दोन्ही बाजूंची विधाने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. निर्वासितांच्या बातम्याही याच वादाशी ताडून पाहाव्यात: कागदपत्रे नसलेल्या अफगाणांनी १ नोव्हेंबर २०२३ पर्यंत देश सोडावा, हा आदेश पाकिस्तानने वाढत्या हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवरच काढला होता.