पावसाच्या पाण्याच्या पाइपाचे पैसे कोणी द्यायचे?

मे उजाडला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात शेजारी-शेजारी जोडीने येतात. 110 मिमीचा पाइप मी कापून ठेवते, पण बिल कोणाच्या नावाने करायचं यावरून काउंटरवर तासभर खडाजंगी चालते. मधल्यामध्ये कोणीतरी शहाणा म्हणतो, “अहो, निम्मं-निम्मं करा!” हा सल्ला मला कधीच पटला नाही. निम्मं कशाचं, हे आधी कळायला नको का?

आधी पाणी कोणाचं ते बघा. बादलीभर पाण्यात मूठभर गेरू कालवा, तुमच्या गच्चीच्या पन्हाळीत ओता आणि शेजाऱ्याला त्याच्या चेंबरपाशी उभं करा. लाल पाणी तिथे आलं तर वाद तिथेच अर्धा मिटतो. नाही आलं, तर पाइप मध्येच कुठेतरी फुटला किंवा तुंबला असेल आणि शेजाऱ्याच्या भिंतीला ओल का येते तेही कदाचित समजतं. कोरड्या दिवशी करा, पावसात काही दिसत नाही.

मग माप घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढंच गणित. 31 जुलै 2019 ला बडोद्यात दिवसभरात जवळजवळ 500 मिमी कोसळला होता. त्या हिशेबाने 90 चौरस मीटरच्या छतावरून 45,000 लिटर, म्हणजे मोठे साडेचार टँकर एकाच पाइपातून जायला निघाले होते.

आता कायदा. आपल्याकडे 1882 चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून पाणी किंवा वाट नेण्याच्या हक्कांचा कायदा, चालतो आणि तो वाटतो तितका किचकट नाही. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे उतारावरून येत असेल, तर खालच्याने ते येऊ द्यायचं. पन्हाळीत गोळा करून पाइपाने एकाच जागी सोडलेलं पाणी मात्र निराळं. त्याला परवानगी लागते, नाहीतर 20 वर्षं उघडपणे, हक्काने, खंड न पडता वहिवाट लागते. “सोड बाबा, माझी हरकत नाही” म्हणून दिलेली मुभा त्या वहिवाटीत धरत नाहीत.

पैशाचं उत्तर कलम 25 मध्ये आहे. ज्याला हक्काचा उपयोग, बांधकाम-दुरुस्तीचा खर्च त्याचा. म्हणजे तुमचं पाणी माझ्या अंगणातून जात असेल, तर पाइप जमीन माझी असूनही तुम्ही दुरुस्त करायचा. त्याला दोन बाजूंनी लगाम आहे. कलम 27 म्हणतं, जमीनवाल्याने त्या हक्काला अडथळा होईल असं काही करू नये. कलम 29 म्हणतं, हक्कवाल्याने आपल्या घरात भर घालून बोजा फार वाढवू नये.

हे तिन्ही एकाच ठिकाणी कसे लागतात, ते मी माझ्या मावशीच्या घरी पाहिलं. मागचे शेजारी उंचावर. त्यांच्या गच्चीचा पाइप चाळीसेक वर्षं मावशीच्या अंगणातून रस्त्याच्या कांसेपर्यंत, म्हणजे पावसाळी पाण्याच्या नाल्यापर्यंत जातो. 2019 च्या पुरानंतर मावशीने जोतं उचललं, ओटा वाढवला आणि पाइप ओट्याखाली दबला. दरम्यान शेजाऱ्यांनी परसात 30 चौरस मीटरची पत्र्याची शेड घातली आणि तिची पन्हाळ त्याच पाइपाला जोडली. पहिल्याच जोराच्या सरीत मावशीच्या न्हाणीघरात पाणी. ते म्हणाले, “बेन, पाणी तो नीचे ज जाय ने!” मावशी म्हणाली, “जाऊ दे की, माझ्या न्हाणीघरातून कशाला?”

मी प्लंबरला एकच सांगितलं: एकरकमी आकडा नको, कामाचे तुकडे पाडून दे. ओट्याला वळसा घालून नवी वाट खणणं, बेंड आणि एक चेंबर: 11,000. जुने निखळलेले सांधे: 4,000. शेडच्या जादा पाण्यासाठी 110 ऐवजी 160 मिमीचा पाइप, त्यातला फरक आणि जाळी: 6,500. पहिला तुकडा मावशीचा, कारण अडथळा तिच्या ओट्याने केला. उरलेले दोन शेजाऱ्यांचे. मावशी 11,000, ते 10,500. हिशेब जवळपास निम्म्यावरच आला, पण पहिल्या दिवशी निम्मं म्हटलं असतं तर दोघंही उठून गेले असते.

बाकीचं थोडक्यात. भाड्याच्या घरात जुनी लाइन घरमालकाची. भाडेकरूने अंगणात फरशी घालून उतार फिरवला असेल तर तो बदल त्याचा. सोसायटीच्या सामायिक लाइनीला आधी सभेचा ठराव, मग कुदळ. कांस तुंबली असेल तर महापालिकेत तक्रार नोंदवून नंबर घ्या, घरातला पाइप बदलून उपयोग नाही. आणि काहीही झालं तरी पावसाचं पाणी संडास-मोरीच्या ड्रेनेजमध्ये सोडू नका. ते उलटून वर येतं, आणि आपल्याच घरात येतं असं नाही.

ठरलं की लिहून काढा, घरोब्यात सुद्धा. पाइप कुठून जातो, किती मिमीचा, सफाई कोणी आणि केव्हा करायची, पुढे कोणी छत वाढवलं तर काय. कायमचा हक्क द्यायचा असेल तर साधा कागद पुरत नाही. वकिलाकडून मसुदा करून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. घर विकलं जातं, नवा मालक येतो, त्याला गेरूची बादली माहीत नसते.

खड्डा बुजवण्याआधी टेप आडवी धरून फोटो काढा. चेंबरच्या झाकणावर फरशी बसवू देऊ नका. मावशीला ते उघडं झाकण डोळ्यांत खुपत होतं. शेवटी तिने त्यावर तुळशीची कुंडी ठेवली, खाली चाकं लावून. दर पावसाळ्याआधी शेजारी येतात, कुंडी ढकलतात, जाळी साफ करतात आणि चहा घेऊन जातात.