भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग करताना

आंघोळीचे कढत पाणी अंगावर सांडून भाजलेले चार वर्षांचे मूल वॉर्डात आले, की दोन-तीन दिवसांत त्याला पुष्कळदा त्या पाण्यापेक्षा ड्रेसिंगचीच धास्ती बसते. ट्रॉलीच्या चाकांची खडखड कानी पडताच ते आईच्या पदरात तोंड खुपसते.

तोंडावाटे दिलेल्या वेदनाशामकाचा अंमल सुरू होण्यास साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, म्हणून औषध पाजून लगेच पट्टी सोडायला घेणे हे ते न दिल्यासारखेच आहे. जखम मोठी असल्यास भूल देण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. चिकटलेली पट्टी कोमट सलाईनने पुरती भिजवून मगच सोडवावी. हे सारे शक्यतो ड्रेसिंगच्या खोलीत करावे, म्हणजे निदान खाट तरी मुलाला सुरक्षित वाटते.

"काही दुखणार नाही," असे सांगू नये. ते पहिल्याच दिवशी खोटे ठरते आणि पुढे सिस्टरच्या कोणत्याच शब्दावर मूल विश्वास ठेवत नाही. "थोडे झोंबेल, पण तू 'थांबा' म्हणालास की मी दहा आकडे मोजेपर्यंत थांबेन," असे सांगावे आणि खरोखरच थांबावे. कोणता हात आधी घ्यायचा, पट्टीचे सुटे टोक स्वतः धरायचे का, हे त्याला ठरवू द्यावे. "पट्टी काढू का?" असे मात्र विचारू नये, कारण "नको" हे उत्तर आपण मानणार नसतो.

चौघांनी हातपाय दाबून धरण्यापेक्षा जखमेची जागा पाहून मुलाला आईच्या मांडीवर, तिच्या छातीशी टेकवून बसवावे. आईचे काम धीर देण्याचे आहे, जखडून ठेवण्याचे नाही. मूल रडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असेही समजू नये. भेदरलेले मूल कधी कधी अगदी गप्प पडून राहते.

"पातेले खाली ठेवलेच कशाला?" हा नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न खाटेपाशी होऊ देऊ नये. आई आधीच स्वतःला दोष देत असते आणि मूल ते सारे ऐकत असते.

घरी गेल्यावर मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, अंगठा चोखू लागले किंवा बादली पाहून किंचाळू लागले, तर रागावू नये. "ऐकले नाहीस तर सुई टोचायला लावीन," हा धाक तर कायमचा बंद करावा. महिन्यानंतरही झोप उडणे, दचकणे चालूच राहिले तर बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर पालकांनाही विनामूल्य सल्ला मिळतो. आंघोळ काही दिवस ओल्या फडक्याने पुसून भागवावी आणि पुढे मुलाच्याच हाती तांब्या देऊन, त्याने बोट बुडवून पाहिलेल्या कोमट पाण्याने सुरू करावी.