सहकारी बोर्ड गेम कसा निवडावा

सहकारी खेळात सारे एका बाजूने खेळतात, म्हणून आधी माणसे मोजावीत: ‘पॅन्डेमिक’ (२००८) चौघांपुरताच आहे, तर ‘जस्ट वन’ ७ जणांना सामावून घेतो. मात्र पॅन्डेमिकमध्ये डाव सर्वांसमोर उघडा असल्याने एखादा जाणकार सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो आणि बाकीचे नुसत्या सोंगट्या हलवतात, ही मला या प्रकारातली सर्वांत मोठी उणीव वाटते. अशा मंडळींसाठी ‘हनाबी’ घ्यावा. त्यात आपली पाने आपल्याला न दिसता इतरांना दिसतील अशी धरायची असतात आणि पानांबद्दल एकमेकांना इशारे देण्यासाठीच्या चकत्या ८च असतात. परळच्या लहानशा खोलीत, सतरंजीवर तो सहज मांडता येतो. कुणाला शेवटची कर्जत लोकल गाठायची असेल, तर अर्ध्या तासात संपणाराच खेळ काढावा.